विंडोज १० चा सपोर्ट संपला; कारखान्यांचं घोडं अडलंय ड्रायव्हरपाशी

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. घरगुती वापरकर्त्यांना सुरक्षा अपडेटसाठी एक वर्षाची वाढीव मुदत मिळाली, ती १३ ऑक्टोबर २०२६ ला संपते. या विषयावर आतापर्यंत जे लिहिलं-बोललं गेलं, त्यात दोन प्रश्न सगळ्यात जास्त ऐकू आले. तुमचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत आहे का? आणि टीपीएम २.० आहे का?

घरच्या लॅपटॉपसाठी एवढे प्रश्न पुरतात. कारखान्याला पुरत नाहीत. रोहा तालुक्यातल्या धाटाव एमआयडीसीचं उदाहरण घ्या. अशा वसाहतीत नवा पीसी विकत घेणं हा सगळ्यात सोपा भाग आहे. खरी अडचण पुढे येते. जुन्या पीसीला जे यंत्र जोडलंय ते नव्या पीसीशी बोलेल का? ते बोलणं ज्या छोट्या प्रोग्रॅमवर अवलंबून असतं, त्याला ड्रायव्हर म्हणतात. आणि ड्रायव्हर कोणत्या नियमाने लिहायचा, तो नियम कोणाच्या हातात आहे, यावर यंत्राचं आयुष्य ठरतं.

हा वाद नवा नाही. पीसीच्या सुरुवातीच्या काळात नेटवर्क कार्डांवरून तो अगदी असाच झाला होता. त्यात कोण जिंकलं, कोण हरलं आणि कोण अजून टिकून आहे, हे पाहिलं की आजचा निर्णय घेणं बरंच सोपं होतं.

धाटावसारख्या ठिकाणी प्रश्न नेमका कुठे येतो?

कुंडलिकेच्या काठची ही वसाहत मुख्यतः रसायनांची. पिगमेंट, शेतीची रसायनं, औषधांचा कच्चा माल असं इथे बनतं. रासायनिक कारखान्यातली यंत्रं पंधरा-वीस वर्षं सहज चालतात. पीसीचं आयुष्य पाच-सात वर्षं धरतात. ही दोन आयुष्यं जिथे एकमेकांना बांधली जातात तिथे गाठ बसते. साधारण चार जागा बघा.

- प्रयोगशाळेतलं उपकरण. गॅस क्रोमॅटोग्राफसारखं महागडं उपकरण पीसीवरच्या सॉफ्टवेअरने चालतं. जुन्या उपकरणांना खास कार्ड लागायचं, नंतरची नेटवर्क केबलने जोडली जातात.
- गेटवरचा वजनकाटा. काट्याचा डिस्प्ले बहुतेक वेळा जुन्या पद्धतीच्या सीरियल पोर्टने आकडा पाठवतो. नव्या पीसीला असा पोर्ट नसतो, म्हणून मध्ये यूएसबी-टू-सीरियल केबल येते.
- कंट्रोल रूम. रिॲक्टरचं तापमान, दाब, व्हॉल्व्ह यांचे आकडे वेगवेगळ्या कंपन्यांच्या कंट्रोलरकडून एका पडद्यावर आणावे लागतात.
- सांडपाणी आणि चिमणीवरचे मीटर. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने फेब्रुवारी २०१४ मध्ये जास्त प्रदूषण करू शकणाऱ्या १७ प्रकारच्या उद्योगांना आणि सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रांना ऑनलाइन मोजणी यंत्रणा बसवायला सांगितली. कीटकनाशकं, रंग आणि औषधनिर्मिती या १७ मध्ये येतात. मीटरचे आकडे सतत मंडळाच्या सर्व्हरकडे जायला हवेत.

आता समजा, प्रयोगशाळेतला पीसी बंद पडला. उपकरण ठणठणीत आहे. पण त्याचा ड्रायव्हर ३२-बिट आहे आणि बनवणाऱ्या कंपनीने ते मॉडेल कधीच बंद केलंय. विंडोज ११ फक्त ६४-बिट आहे आणि ६४-बिट विंडोजमध्ये ३२-बिट ड्रायव्हर चालत नाही. म्हणजे पीसीच्या किमतीचा प्रश्न पाहता पाहता उपकरणाच्या किमतीचा होतो. छोट्या युनिटला हा खर्च परवडत नाही, म्हणून जुना पीसी तसाच ओढला जातो. याला सरसकट आळस म्हणणं बरोबर नाही.

ड्रायव्हरचा नियम म्हणजे काय? रोहा स्टेशन बघा

रोह्याच्या लोकांना हे लगेच कळेल. दिव्याकडून पनवेलमार्गे येणारा मध्य रेल्वेचा मार्ग रोह्याला संपतो आणि तिथून कोकण रेल्वेचा ७४१ किलोमीटरचा मार्ग सुरू होतो, थेट कर्नाटकातल्या ठोकूरपर्यंत. मालकी बदलते, व्यवस्थापन बदलतं. पण प्रवाशाला गाडी बदलावी लागत नाही. कारण रुळांमधलं अंतर दोन्हीकडे १,६७६ मिलिमीटरच आहे, कपलिंग तेच आहे, सिग्नलची भाषा जुळवलेली आहे. दोन संस्थांना एकमेकींच्या आतल्या कारभाराची माहिती असण्याची गरज नाही. सीमेवरचा करार पक्का असला की झालं.

ड्रायव्हरचा नियम हा असाच सीमेवरचा करार. एका बाजूला कार्ड बनवणारा, दुसऱ्या बाजूला नेटवर्कचं सॉफ्टवेअर लिहिणारा. करार नसेल तर काय होतं ते साध्या गणिताने बघू. बाजारात दहा प्रकारची कार्डं आहेत आणि पाच प्रकारची नेटवर्क सॉफ्टवेअर. प्रत्येक जोडीसाठी वेगळा ड्रायव्हर लिहायचा तर पन्नास ड्रायव्हर झाले. सगळ्यांनी एकच करार मानला तर दहा कार्डवाले दहा ड्रायव्हर लिहितील, पाच सॉफ्टवेअरवाले आपापली बाजू एकदाच लिहितील. पंधरा तुकड्यांत काम संपतं.

पन्नास ड्रायव्हरचा काळ

आयबीएमचा पीसी १९८१ चा. पुढच्याच वर्षी थ्रीकॉम कंपनीने त्याच्यासाठी इथरनेट कार्ड आणलं. पण डॉसला नेटवर्क म्हणजे काय हे मुळात माहीतच नव्हतं. कार्डाशी कसं बोलायचं याचा कुठलाही ठरलेला मार्ग नव्हता. त्यामुळे जो नेटवर्कचं सॉफ्टवेअर विकायचा, तोच प्रत्येक कार्डासाठी आपला कोड लिहायचा.

त्या काळी ऑफिसांमध्ये नॉव्हेल कंपनीचं नेटवेअर खूप चालायचं. भारतातही अनेक ऑफिसांत आणि कॉम्प्युटर क्लासेसमध्ये 'लॅन' म्हणजे नेटवेअर असंच समीकरण होतं. काळी कोॲक्शियल केबल, प्रत्येक पीसीमागे इंग्रजी टी आकाराचा जोड, आणि दोन्ही टोकांना ५० ओमचा टर्मिनेटर. एक टर्मिनेटर निघाला की अख्खी रांग बंद! तो त्रास निदान डोळ्यांना दिसायचा. ड्रायव्हरचा दिसायचा नाही.

नेटवेअरच्या जुन्या पद्धतीत पीसीवर चालणारी फाइल त्या-त्या कार्डासाठी जोडून तयार करावी लागायची. कार्ड बदललं किंवा कार्डाचा इंटरप्ट क्रमांक बदलला की फाइल नव्याने बनवा. त्याहून मोठी अडचण म्हणजे ते सॉफ्टवेअर कार्डाचा पूर्ण ताबा घ्यायचं. एकाच पीसीवरून नेटवेअरचा सर्व्हरही बघायचा आहे आणि टीसीपी/आयपीने दुसऱ्या मशीनशीही बोलायचंय, असं म्हटलं की गाडी अडायची. एक बंद करा, पीसी रीस्टार्ट करा, दुसरं चालू करा.

तीन उत्तरं आली

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात यावर तीन वेगवेगळे करार पुढे आले.

पहिला, पॅकेट ड्रायव्हर. अमेरिकेतल्या एफटीपी सॉफ्टवेअर या कंपनीने तो मांडला आणि कोणालाही वापरू दिला. कल्पना एकदम सुटसुटीत होती. ड्रायव्हर मेमरीत जाऊन बसतो, एका ठरावीक टापूतला सॉफ्टवेअर इंटरप्ट घेतो आणि तिथे आपली ओळख लिहून ठेवतो. ज्या प्रोग्रॅमला नेटवर्क हवंय तो ती ओळख शोधतो आणि सांगतो, 'या प्रकारचे पॅकेट आले की मला दे.' दुसरा प्रोग्रॅम दुसऱ्या प्रकारचे पॅकेट मागू शकतो. कार्ड एक, गिऱ्हाइकं अनेक. न्यूयॉर्क राज्यातल्या क्लार्कसन विद्यापीठात रसेल नेल्सन यांनी असे ड्रायव्हर सोर्स कोडसह गोळा केले, पुढे ते 'क्रिनवर' संग्रह म्हणून ओळखले गेले. विद्यापीठांमध्ये हीच पद्धत रुळली.

दुसरा, एनडीआयएस. मायक्रोसॉफ्ट आणि थ्रीकॉम यांनी मिळून ओएस/२ वरच्या लॅन मॅनेजरसाठी तो आणला. इथे मध्ये एक 'प्रोटोकॉल मॅनेजर' असायचा. कोणतं कार्ड कोणत्या प्रोटोकॉलला बांधायचं हे एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहायचं आणि मॅनेजर सुरुवातीला ती गाठ बांधून द्यायचा.

तिसरा, ओडीआय. नॉव्हेल आणि ॲपल यांचा, १९८९ चा. याचे तीन थर होते: खाली कार्डाचा ड्रायव्हर, मध्ये एक जोडथर, वर प्रोटोकॉल. एकाच कार्डावर एकाच वेळी वेगवेगळ्या प्रकारच्या इथरनेट चौकटी चालवता येणं ही त्याची जमेची बाजू. ज्यांनी त्या काळात लॅब सांभाळली आहे त्यांना बॅच फाइलमधल्या त्या चार ओळी आठवत असतील: आधी एलएसएल, मग एनई-२०००, मग आयपीएक्स-ओडीआय, शेवटी नेटएक्स. क्रम चुकला की सर्व्हर दिसायचा नाही.

आता गंमत बघा. पन्नास ड्रायव्हरचा गोंधळ मिटवायला करार आणले, पण करारच तीन झाले. मग या तिघांना जोडणारे पूल लिहिले गेले. ओडीआयच्या ड्रायव्हरवर एनडीआयएसचे प्रोटोकॉल चालवणारा एक, ओडीआयवर पॅकेट ड्रायव्हरचे प्रोग्रॅम चालवणारा दुसरा, एनडीआयएसवर पॅकेट ड्रायव्हरचे चालवणारा तिसरा. आणि हे सगळं ६४० केबी मेमरीत बसवायचं!

जिंकलं कोण आणि कशामुळे?

एनडीआयएस जिंकलं. पण ते तांत्रिकदृष्ट्या सरस होतं म्हणून नाही. ते जिंकलं कारण विंडोज जिंकलं. १९९३ मध्ये विंडोज एनटी आलं, त्यात नेटवर्कची पूर्ण व्यवस्था एनडीआयएसवर बांधलेली होती. मग विंडोज ९५ मध्ये टीसीपी/आयपी आतच आलं. आपल्याकडचा योग असा की, विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं आणि विंडोज ९५ त्याच महिन्याच्या २४ तारखेला जगासमोर आलं. भारतातल्या बहुतेक घरांना आणि छोट्या ऑफिसांना इंटरनेट भेटलं ते मायक्रोसॉफ्टच्या नेटवर्क थरातूनच. नॉव्हेल आणि ओडीआय हळूहळू मागे पडले.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. करार जिंकला याचा अर्थ जुने ड्रायव्हर वाचले असा होत नाही. एनडीआयएस नाव तेच राहिलं, आवृत्त्या बदलत गेल्या. डॉसच्या काळातल्या दुसऱ्या आवृत्तीचा ड्रायव्हर एनटीच्या तिसऱ्या आवृत्तीत चालत नव्हता. विंडोज व्हिस्टाबरोबर सहावी आवृत्ती आली, तिच्यात पुन्हा मोठे बदल होते. प्रत्येक वेळी कार्ड बनवणाऱ्याने नवा ड्रायव्हर लिहिला तर ठीक. कंपनी बंद झाली असेल किंवा तिला जुन्या मॉडेलमध्ये रस उरला नसेल, तर चालू स्थितीतलं कार्ड निव्वळ भंगार ठरतं.

याच्या उलट उदाहरण म्हणजे नॉव्हेलचं एनई-२००० कार्ड. नॅशनल सेमिकंडक्टरच्या, कोणालाही विकत मिळणाऱ्या चिपवर ते बनलं होतं आणि त्याच्याशी कसं बोलायचं हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून तैवानपासून सगळीकडे त्याच्या नकला निघाल्या. दुकानात लोक कंपनीचं नाव विचारत नसत, 'एनई-२००० कंपॅटिबल आहे ना?' एवढंच विचारायचे. डॉस, नेटवेअर, विंडोज, लिनक्स, सगळ्यांनी त्याला ओळखलं. कार्ड बाजारातून केव्हाच गेलं, पण क्यूईएमयूसारखे व्हर्च्युअल मशीनचे प्रोग्रॅम आजही नकली एनई-२००० दाखवू शकतात. पॅकेट ड्रायव्हरही फ्रीडॉस वापरणाऱ्यांच्या मशीनवर अजून चालतात.

म्हणजे बाजार जिंकला एनडीआयएसने, पण आयुष्य जास्त लाभलं ते ज्याची माहिती खुली होती त्याला. बाजार जिंकणारा करार मालकाच्या कॅलेंडरवर चालतो. खुला करार, वापरणारे आहेत तोपर्यंत चालतो.

आज हीच सीमा पुन्हा सरकतेय

गेल्या काही वर्षांतल्या चार घडामोडी वेगवेगळ्या बातम्या म्हणून आल्या. एकत्र ठेवल्या की सूत्र दिसतं.

पहिली, यूएसबी-टू-सीरियल केबल. वजनकाट्याला लागते तीच. यातल्या पुष्कळ केबलींमध्ये प्रोलिफिक कंपनीची पीएल-२३०३ मालिकेची चिप असते, किंवा तिची नक्कल. यातल्या काही जुन्या चिपा विंडोज ११ वर लावल्या की डिव्हाइस मॅनेजरमध्ये चिपच्या नावाच्या जागी सरळ संदेश येतो: ही चिप विंडोज ११ वर चालणार नाही, विक्रेत्याशी संपर्क करा. चिप बिघडलेली नसते. ड्रायव्हरनेच तिला नाकारलेलं असतं. २०१४ मध्ये एफटीडीआय या दुसऱ्या कंपनीने याच्याही पुढे मजल मारली होती. विंडोज अपडेटमधून आलेल्या तिच्या ड्रायव्हरने नकली चिपांचा ओळख क्रमांकच पुसून टाकला आणि लोकांची उपकरणं अचानक दिसेनाशी झाली. नकलेचा त्रास कंपनीला होतो हे मान्य. पण भुर्दंड बसतो तो गल्लीतल्या दुकानातून शे-दोनशेला केबल घेणाऱ्याला, ज्याला आतली चिप असली की नकली हे कळायला मार्गच नसतो. एनई-२००० च्या वेळी नकलांमुळे कार्डाचं आयुष्य वाढलं, इथे नकलांमुळे संपलं. फरक चिपच्या दर्जापेक्षा ड्रायव्हर कोणाच्या ताब्यात आहे याचा आहे.

दुसरी, कंट्रोल रूममधलं ओपीसी. १९९० च्या दशकात कारखान्यांतही पन्नास ड्रायव्हरचाच गोंधळ होता. प्रत्येक कंट्रोलरसाठी प्रत्येक पडद्याचा वेगळा ड्रायव्हर. ऑटोमेशन कंपन्यांनी एकत्र येऊन १९९६ मध्ये ओपीसी हा करार केला. उत्तर चांगलं होतं, पण ते मायक्रोसॉफ्टच्या कॉम आणि डीकॉम या तंत्रावर बांधलेलं होतं. डीकॉममध्ये एक सुरक्षा त्रुटी सापडली. मायक्रोसॉफ्टने २०२१ पासून टप्प्याटप्प्याने नियम कडक केले आणि १४ मार्च २०२३ च्या अपडेटनंतर ते बंद करण्याची सोयही काढून घेतली. दोन वेगळ्या पीसींमध्ये जुनं ओपीसी चालवणाऱ्यांना सेटिंग तरी बदलावं लागलं, सॉफ्टवेअर तरी. कारखान्याने काहीही बदललेलं नसताना आकडे येणं थांबू शकतं, ते असं. ओपीसी यूए ही नवी पिढी याच कारणाने विंडोजवर अवलंबून नाही. ते आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयईसी ६२५४१.

तिसरी, प्रिंटर. सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं की, प्रिंटर कंपन्यांचे स्वतःचे ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून देणं टप्प्याटप्प्याने थांबवणार. यापुढे प्रिंटरने आयपीपी या सामायिक पद्धतीने बोलावं. ही दिशा चांगली आहे, नव्या प्रिंटरला वेगळा ड्रायव्हर शोधावाच लागणार नाही. मात्र गेट पास छापणाऱ्या जुन्या डॉट मॅट्रिक्सला आयपीपी येत नाही. तिचा ड्रायव्हर आजच जपून ठेवलेला बरा.

चौथी, क्राउडस्ट्राइक. १९ जुलै २०२४ ला एका सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगभरातले विंडोज पीसी निळे पडले. मायक्रोसॉफ्टचा अंदाज होता ८५ लाख मशीनचा. भारतात विमान कंपन्यांनी हाताने लिहून बोर्डिंग पास दिले. कारण ते सॉफ्टवेअर ड्रायव्हरसारखं विंडोजच्या गाभ्यात बसलं होतं, आणि गाभ्यातली चूक अख्खं मशीन पाडते. त्यानंतर मायक्रोसॉफ्ट बाहेरच्या कंपन्यांचा कोड गाभ्याबाहेर काढण्याच्या मागे लागलंय. म्हणजे ड्रायव्हर लिहिण्याचे नियम पुढच्या काळात आणखी कडक होणार हे धरून चाला.

मग जुनं तसंच चालू द्यावं का?

नाही. याचं उत्तर रायगड जिल्ह्यालाच मिळालेलं आहे. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या नावाचा व्हायरस जगभर पसरला. मर्स्क समूहाची यंत्रणा कोलमडली आणि त्या समूहाकडून चालवलं जाणारं न्हावा-शेवा इथल्या जेएनपीटी बंदरातलं टर्मिनल ठप्प झालं. त्या व्हायरसने पसरण्यासाठी जे मार्ग वापरले त्यातला एक म्हणजे विंडोजच्या जुन्या फाइल शेअरिंगमधली त्रुटी, जिचा पॅच काही महिने आधीच उपलब्ध होता. एक जुनं मशीन नेटवर्कवर उघडं असलं की धोका त्या मशीनपुरता राहत नाही. रासायनिक कारखान्यात तर त्याच नेटवर्कच्या दुसऱ्या टोकाला रिॲक्टर असू शकतो.

म्हणून मायक्रोसॉफ्ट कडक वागतंय यात चूक नाही. दोन्ही बाजू खऱ्या आहेत: जुनं उपकरण फेकून देणं परवडत नाही आणि जुना पीसी उघडा ठेवणंही परवडत नाही. मार्ग काढायचा तो या दोन्हींच्या मधून.

आत्ता काय करता येईल?

१. यादी करा. कारखान्यातला प्रत्येक पीसी, त्यावरचं विंडोज ३२-बिट की ६४-बिट, त्याला काय जोडलंय, कोणत्या कार्डाने किंवा केबलने, आणि ड्रायव्हरची आवृत्ती. वहीत लिहिलं तरी चालेल, पण लिहाच.

२. ड्रायव्हरची सीडी शोधा आणि तिची प्रत करा. शक्य तर पूर्ण हार्ड डिस्कची इमेज घेऊन दोन ठिकाणी ठेवा. 'सगळे ड्रायव्हर फुकट' म्हणणाऱ्या साइटवरून ड्रायव्हर उतरवू नका. ड्रायव्हरला मशीनच्या गाभ्यापर्यंत वाट मिळते, तीच वाट चोरालाही मिळते.

३. उपकरणाचा पीसी वेगळा काढा. त्याला इंटरनेट नको, ऑफिसचं नेटवर्क नको. आकडे बाहेर न्यायचेच असतील तर मध्ये फायरवॉल ठेवा आणि फक्त लागणारा एकच मार्ग उघडा. यूएसबी टेदरिंग करून 'दोन मिनिटं' नेट जोडणं हाही धोकाच आहे. योगायोग असा की, त्या टेदरिंगमध्ये अनेक फोन अजूनही आरएनडीआयएस ही पद्धत वापरतात, म्हणजे जुन्या एनडीआयएसचंच यूएसबीवरचं रूप. लिनक्सच्या गाभ्याचे एक प्रमुख देखभालकर्ते ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी ती असुरक्षित ठरवून काढून टाकण्याचा प्रस्ताव मांडलेला आहे.

४. डॉसचे प्रोग्रॅम वेगळे धरा. फॉक्सप्रो किंवा क्लिपरमध्ये लिहिलेला हजेरीचा, स्टॉकचा प्रोग्रॅम ३२-बिट विंडोज १० वर चालू शकत होता, विंडोज ११ वर थेट चालणार नाही. असे प्रोग्रॅम डॉसबॉक्समध्ये किंवा व्हर्च्युअल मशीनमध्ये हलवता येतात. मात्र पीसीच्या स्लॉटमध्ये बसवलेलं खास कार्ड सहसा असं हलवता येत नाही. तो पीसी जपावाच लागेल, त्यासाठी जुना मदरबोर्ड आणि पॉवर सप्लाय शिल्लक ठेवा.

५. मुदत नीट वाचा. कंपन्यांसाठीचं वाढीव अपडेट पैसे देऊन तीन वर्षांपर्यंत, म्हणजे ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळतं. पहिल्या वर्षी दर मशीनमागे ६१ डॉलर, आणि दर वर्षी दर दुप्पट. उपकरणाबरोबर आलेल्या पीसीवर विंडोज १० ची आयओटी एंटरप्राइझ एलटीएससी २०२१ ही आवृत्ती असेल तर तिचा सपोर्ट जानेवारी २०३२ पर्यंत आहे. घाईघाईने पीसी बदलण्याआधी आवृत्तीचं पूर्ण नाव तपासा.

खरेदीच्या कागदावर चार ओळी

वरचे पाच उपाय आजची वेळ निभावून नेतील. पण दहा वर्षांनी हाच प्रश्न परत दारात यायला नको असेल तर तो ऑर्डर देतानाच सोडवावा लागेल. उपकरणाच्या किमतीवर घासाघीस करताना आपण डिस्काउंट मागतो, एक वर्षाची जादा वॉरंटी मागतो. त्याच कागदावर आणखी चार ओळी असाव्यात.

- उपकरण खुल्या, छापील प्रोटोकॉलने बोललं पाहिजे. उदाहरणार्थ मॉडबस टीसीपी किंवा ओपीसी यूए. मॉडबस १९७९ पासून आहे आणि अजून चालतंय, कारण त्याची माहिती सगळ्यांकडे आहे.
- यूएसबीने जोडायचं असेल तर ते विंडोज आणि लिनक्समध्ये आधीपासून असलेल्या सामायिक ड्रायव्हरवर चालावं, कंपनीच्या खास ड्रायव्हरवर नाही.
- खास ड्रायव्हर लागतच असेल तर विक्रेत्याने तो किती वर्षं अद्ययावत ठेवणार हे लिहून द्यावं.
- कंपनीने मॉडेल बंद केलं तर बोलण्याच्या पद्धतीची तांत्रिक माहिती ग्राहकाला मिळावी.

एकट्या छोट्या युनिटने हे मागितलं तर विक्रेता हसून विषय बदलेल. पण एका वसाहतीतल्या पाच-दहा कारखान्यांनी मिळून एकच मसुदा वापरला तर त्याला ऐकावं लागतं. सामायिक सांडपाणी केंद्रासाठी कारखाने एकत्र येतातच, तसंच इथेही जमू शकतं. सरकारी खरेदीतही हेच लागू आहे. नगरपालिकेचा पाणी मीटर असो, सरकारी रुग्णालयातलं तपासणी यंत्र असो किंवा प्रदूषण मंडळाकडे आकडे पाठवणारा मीटर, निविदेत 'खुला प्रोटोकॉल' हे दोन शब्द असायला हवेत. ते लिहायला खर्च येत नाही. न लिहिल्याचं बिल मात्र येतं, आणि ते नेमकं अशा वेळी येतं जेव्हा विक्रेता फोन उचलत नसतो.

१३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वेळ आहे. नवा पीसी त्या दिवशीही मिळेल. ड्रायव्हरची ती जुनी सीडी कपाटात आहे का, हे मात्र या आठवड्यातच बघा.